मी न वाचलेली पुस्तकं

मी आणि बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाल सोलले. भिजवून मोड आणलेले कडवे वाल, बिरड्यासाठी. ती पाटावर, मी खुर्चीवर, कारण माझे गुडघे आता खाली बसू देत नाहीत. मध्ये स्टुलावर परात. तिची बोटं मशीनसारखी चालायची. साल एका बाजूला, डाळिंबी दुसऱ्या बाजूला. माझ्या हातातून वाल सुटून लादीवर पळत होते.

"तुमचा एक होतंय तवर माजे धा होतात," ती म्हणाली.

"मग तूच सोल."

"मीच सोलतंय. तुमी नुसते बसा सोबतीला."

परात संपली. ती डाळिंब्या पाण्यात टाकून आली आणि "जरा पाठ टेकते" म्हणून आडवी झाली. दुपारचे तीन वाजले असतील. साडेचारला मी चहाला हाक मारली, ती उठली नाही. शेजारच्यांनी डॉक्टर आणले. त्यांनी हात धरून बघितला आणि बॅग उघडलीसुद्धा नाही. शहाडहून लेक आली. अंधार पडायच्या आत सगळं उरकलेलं होतं.

हे गेल्या श्रावणातलं. आता संपादकांनी निरोप पाठवला की तुम्ही डोंबिवलीत घराघरांत वाचनसंस्कृती नेलीत, त्यावर दिवाळी अंकाला लिहा. संस्कृती वगैरे मला माहीत नाही. मी पिशव्या नेल्या. शुद्धलेखन लेकीने तपासलंय, बाकीचं माझं आहे. आणि जे लिहितोय ते संपादकांना वाटतंय तसं निघणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझं शिक्षण चौथी. बाप मिठागरावर, आजा मिठागरावर. मी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका छापखान्यात बाइंडिंग खात्याला लागलो. फर्मे, म्हणजे छापलेले मोठे ताव, घडी घालून मोडायचे, शिवायचे, खळ लावायची, दाबात ठेवायचे. पुस्तक बाहेरून मला पूर्ण कळतं. टाका ढिला आहे की घट्ट, हे मी कणा चाचपून सांगेन. आत काय आहे त्याच्याशी आमच्या खात्याला घेणंदेणं नव्हतं. छापखाना ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडला. देणं म्हणून कामगारांना खराब प्रती वाटल्या. कुणाचं पान उलटं, कुणाच्या पुठ्ठ्याला डाग. माझ्या वाट्याला दोन गोणी आल्या. मी त्यातल्या प्रती घरी आणून नव्याने बांधल्या आणि सायकलला दोन पिशव्या लावून दारोदार फिरायला लागलो. घरपोच वाचनालय. महिन्याची वर्गणी, आठवड्याला एक पुस्तक आणि एक मासिक.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लोकांना वाटतं पिशवीतून गिऱ्हाईक स्वतः पुस्तक निवडतं. दहातलं एक निवडतं. बाकीचे नऊ दारात उभे राहून म्हणतात, "तुम्हीच द्या काहीतरी चांगलं." गॅसवर दूध असतं, हात पिठात असतात, कोण निवडत बसणार? तेव्हा पुस्तकवाल्याला माहीत पाहिजे की या घरात काय जाईल. आजारी माणूस असलेल्या घरात मरणाचं पुस्तक द्यायचं नाही. नवीन सून असेल तर सासूच्या छळाचं द्यायचं नाही, द्यायचंच असेल तर सासूला द्यायचं. आणि देताना दोन मिनिटांत गोष्ट सांगायची, पण अर्धीच. माणूस जिथे "मग?" म्हणेल तिथे पुस्तक हातात ठेवून जिना उतरायचा.

हे मला उत्तम जमायचं. डोंबिवली, ठाकुर्ली, थोडं कल्याण, एवढ्या भागात माझं नाव झालं. "चौथी शिकलाय, पण काय वाचन आहे!"

आता खरं. मी त्यातलं एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं.

मला वाचता येतं, पण पाट्या, पावत्या, लग्नपत्रिका. एका पानाला मला दाढी करायला लागतो तेवढा वेळ लागायचा आणि पान संपेपर्यंत वरचं विसरायचो. वाचायची ती आमची मंडळी. मोठागावची, खाडीकाठची. सातवीपर्यंत शिकली, वर्गात पहिली यायची, मग भात लावायला घरी बसवली. लग्नानंतर ती घरी टिकल्यांचं काम करायची. उल्हासनगरचा माणूस टिकल्या आणि कार्डं टाकून जायचा, ही ओळीत चिकटवून द्यायची. हात टिकल्यांवर, डोळे मांडीवरच्या पुस्तकावर. पुस्तक उघडं राहावं म्हणून वर आडवं लाटणं ठेवायची.

दुपारी दोन ते चार डोंबिवलीची दारं बंद. तेवढा वेळ मी घरी. मी खाकी कव्हरं घालायचो आणि ती गोष्टी सांगायची. पण पूर्ण नाही. अर्ध्यात थांबायची. मी म्हणायचो, "पुढे काय झालं?"

"तुमाना कशाला पायजे? दारात सगला ओकून याल."

त्यामुळे मला शेकडो कादंबऱ्यांचा पूर्वार्ध माहीत आहे. कोण कुणाशी लग्न करायला निघालं, हे मी अजून सांगेन. झालं की नाही, माहीत नाही.

नवीन पुस्तकं घ्यायला आम्ही ठाण्याला पुस्तकांच्या प्रदर्शनाला जायचो. मी कागद आणि शिलाई बघायचो. ती पुस्तक मधोमध उघडायची. पहिलं पान कधी बघायची नाही. "पयल्या पानावर समदी नटून बसतात. मधल्या पानावर घर कसा हाय ता कलतं." उभ्याउभ्या दोन पानं वाचून ती मान हलवायची किंवा पुस्तक परत ठेवायची. पोथी असो, कादंबरी असो, नाहीतर ग्रहताऱ्यांचं, परीक्षा एकच. मी कव्हरावर मोठ्या अक्षरांत ध, का, वि लिहायचो. धार्मिक, कादंबरी, विज्ञान. तिला ते पटायचं नाही. म्हणायची, "तुमी डबं करून ठेवलंव. माणूस काय एकाच डब्यातला खातंय?"

सहस्रबुद्धे आजोबांचं उदाहरण देतो. रेल्वेतून रिटायर झालेले. सोवळ्यातले. फक्त ध. संतचरित्रं, स्तोत्रं, टीका. आमच्याकडची सगळी दोनदा वाचून झाली, तरी दर गुरुवारी विचारायचे, "नवीन काही?" एक दिवस हिने विज्ञानाचं एक पुस्तक पुढे केलं. आकाशाचं. तारे किती लांब, उजेड किती वर्षांनी पोचतो, आपण बघतो तो तारा आता आहे की नाही कुणास ठाऊक, असलं सगळं.

"ह्या आजोबांना द्या."

"वेडी आहेस का? ते वर्गणी बंद करतील."

"द्या तं खरा. ही पोथीच हाय. देवाचा नाव तेवढा नाय."

मी घाबरत दिलं. पुढच्या गुरुवारी आजोबांनी पुस्तक परत केलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या गुरुवारी दारात आले, पुस्तक दोन्ही हातांत पोथीसारखं धरलेलं. म्हणाले, "अहो, हे वाचल्यापासून सकाळी अर्घ्य देताना हात थरथरतो. एवढ्या लांबून येतो हो तो उजेड! याचा दुसरा भाग आहे का?"

मी म्हणालो, "बघतो. मला वाटलंच होतं तुम्हाला आवडेल."

मला वाटलंच होतं. कसलं वाटलं होतं?

दुसरं उदाहरण डॉक्टरीणबाईंचं. नवरा डॉक्टर, म्हणून सगळे त्यांना डॉक्टरीणबाई म्हणायचे. फक्त का, म्हणजे कादंबऱ्या. या बाईंना समासात पेन्सिलीने शेरे मारायची खोड होती. वाचनालयाच्या धंद्यात हा मोठा ताप. एकाचा शेरा बघून दुसरा लिहितो, मग शिव्या सुरू होतात. म्हणून बाईंचं पुस्तक आलं की मी हिला खोडरबर द्यायचो. एकदा कव्हर बदलताना बघतो, तर एका कादंबरीत बाईंनी लिहिलेलं, "नायिका मूर्ख आहे." आणि खाली आमच्या मंडळींचं गोल अक्षर, शाळेत शिकवलेल्या भाषेत: "मूर्ख नाही. माहेर लांब आहे."

"हे काय केलंस?"

"खोटा हाय का?"

ते पुस्तक माझ्या चुकीने बाईंकडेच परत गेलं. आलं तेव्हा खाली तिसरी ओळ: "माहेर लांब म्हणून काय झालं? टपाल नाही का?" हिने लगेच चौथी लिहिली: "टपाल सासरा फोडतो. मागे वाचा."

मग हे दर पुस्तकात सुरू झालं. दोन बायका एकमेकींना न बघता वर्षानुवर्षं भांडत होत्या. मी मध्ये पोस्टमन. बाई दारात मला म्हणायच्या, "फार तिखट लिहिता हो तुम्ही. पण मुद्दा बरोबर असतो." मी मान खाली घालून हसायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

का सांगितलं नाही? पहिलं कारण लाज. बायको वाचते आणि हा मिरवतो, असं म्हणतील. दुसरं कारण त्याहून वाईट. मला आवडायला लागलेलं. छापखान्यात मला कुणी "अहो" म्हटलं नव्हतं.

मग तो मेळावा झाला. नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. एका मंडळाने शाळेच्या हॉलमध्ये वाचकांचा मेळावा घेतला आणि माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ, हार. ही हिरवं लुगडं नेसून तिसऱ्या रांगेत बसलेली. निवेदकाने माझं काय काय वर्णन केलं! मग मला बोलायला लावलं. काय बोलायचं ते हिनेच आदल्या दिवशी घोकून घेतलेलं. मी पाठ बोललो. टाळ्या. मग एका माणसाने उठून विचारलं, "एवढं वाचन तुम्ही कधी करता? वेळ कसा काढता?"

तिसरी रांग तिथून दहा पावलांवर होती. बोट दाखवायचं फक्त. मी म्हणालो, "आवड असली की वेळ निघतो."

परत टाळ्या. हिनेही वाजवल्या.

रिक्षात ती नारळ मांडीवर घेऊन बसलेली. दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी कव्हरं घेऊन बसलो. ही भिंतीकडे तोंड करून टिकल्या चिकटवतेय.

"आज काय वाचलंस?"

"नाय वाचला."

"मग मी संध्याकाळी काय सांगू?"

"तुमी वाचता ना? आवड हाय ना? वाचा."

एक महिना. जेवण वेळेवर, चहा वेळेवर, पुस्तकाचं एक अक्षर नाही. मी पहिल्यांदा धंद्यासाठी वाचायला बसलो. बोट ठेवून, ओठ हलवत. जुन्या सांगितलेल्या गोष्टींवर पंधरा दिवस निभावले. नवीन पुस्तकांचं काय करणार? एका कादंबरीची मी आठवड्यात दहा पानं वाचली. लग्नघराचं वर्णन. मांडव, सनई, हळद, हसणं. मला बरं वाटलं. ते पुस्तक मी प्रधानबाईंना दिलं.

प्रधानबाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. फक्त वि घ्यायच्या. देवाधर्माचं नाव काढलं तर दार लावतील अशा. पण त्या महिन्यात त्यांच्या मुलीचं लग्न ठरलेलं, त्या म्हणाल्या, "आता डोक्याला ताप नको, काहीतरी हलकंफुलकं द्या." मी म्हटलं, "घ्या, लग्नाचीच गोष्ट आहे. अगदी तुमच्या घरासारखं घर."

चौथ्या दिवशी बाईंनी मला जिन्यातच गाठलं. चेहरा पांढरा. पुस्तक माझ्या पिशवीत टाकलं.

"तुम्ही हे वाचलंत आणि माझ्या घरात दिलंत?"

"काय झालं?"

"बाराव्या पानावर नवरी विहिरीत उडी मारते! आणि तुम्ही सांगता, अगदी तुमच्यासारखं घर? माझ्या सासूबाईंनी वाचलं. कालपासून त्या अन्नाला शिवल्या नाहीत. मी अपशकुन मानत नाही, मुलांना मीच शिकवते, तरी मलासुद्धा झोप लागली नाही. उद्यापासून येऊ नका."

मी दहा पानं वाचलेली. दहाव्या पानापर्यंत सनईच होती.

घरी येऊन मी हिला सगळं सांगितलं. पहिल्यांदा ती हसेल असं वाटलं. हसली नाही. हातातलं कार्ड ठेवलं, तोंड धुतलं, कपाटातून एक पुस्तक काढलं आणि म्हणाली, "चला. घर दाखवा."

इतक्या वर्षांत ती गिऱ्हाइकाच्या दारात गेली ती तेवढीच एकदा. बाई पहिल्या मजल्यावर राहायच्या. मी खाली सायकल धरून उभा राहिलो. वरचं सगळं ऐकू येत होतं.

"कोण आपण?"

"मी पुस्तकवाल्यांची. ह्यांचा चुकला, बाई. ह्यांना बारीक अक्षर दिसत नाय हल्ली. नंबर बदलायला झालाय. दुसराच पुस्तक हातात आला. ह्यांनी वाचून ठेवला होता ता हा. आईनी लेक सासरी धाडतानाच्या ओव्या हायत. जात्यावरच्या. हा सासूबाईंना द्या, नायतर तुमी वाचा."

"मी धार्मिक वाचत नाही."

"देवाचा नाय ह्याच्यात काय. बायांचा हाय."

मग दार बंद झालं. ही खाली आली, पुस्तक हातात नव्हतं.

मी तिला म्हणालो, "माझं नाव कशाला राखलंस?"

"मग काय करू? दारात उभी राहून नवऱ्याला खोटा पाडू?" मग चार पावलं गेल्यावर म्हणाली, "ता तुमचा काम हाय. तुमी करा कवातरी."

प्रधानबाईंनी वर्गणी चालू ठेवली. ते ओव्यांचं पुस्तक मुलीचं लग्न होऊन गेलं तरी परत दिलं नाही. हरवलं म्हणून भरपाई देऊ लागल्या. हरवलं नव्हतं, मुलीच्या बॅगेतून सासरी गेलं असणार. मी काही घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता गोष्टी परत सुरू झाल्या, पण एका अटीवर. दारात कोण काय बोललं ते मी तिला जसंच्या तसं येऊन सांगायचं. "आवडला" एवढं चालणार नाही. कुणाचा चेहरा कसा झाला, कोण कुठे थांबलं, कोण चिडलं, सगळं. याआधी मी तिला कधीच काही सांगितलं नव्हतं. गिऱ्हाईक खूश, एवढंच. मग मी शिकलो. सहस्रबुद्धे आजोबांचे हात कसे थरथरतात, ते मी तिला हात थरथरवून दाखवलं. टिकल्या तशाच ठेवून ती ऐकत बसली.

पुढे केबल आली. दुपारची बंद दारं संध्याकाळीही बंद राहायला लागली, आतून मालिकेचा आवाज. सहस्रबुद्धे आजोबा गेले. बरीच घरं टिटवाळ्याच्या बाजूला नव्या ब्लॉकमध्ये गेली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी पिशव्या खुंटीला लावल्या. उरलेली पुस्तकं एका शाळेला दिली, निवडक चाळीस तिने ठेवली. सांगायचं राहिलं होतं ते राहिलंच. कधी वाटायचं, आता धंदाच नाही, कुणाला जाऊन सांगायचं? कधी वाटायचं, पुढच्या दिवाळीला जाऊन येऊ दोघं सगळ्यांकडे. तिने परत कधी आठवण केली नाही. ते जास्त लागतं.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून चपला घातल्या. लेक म्हणाली, "बाबा, कुठे? सुतकात कुणाच्या दारात जायचं नसतं."

"दारात जातोय. घरात नाही."

"अहो, पण आजच?"

"आजच."

स्टेशनचा पूल ओलांडून डोंबिवली पूर्वेला गेलो. माझ्या जुन्या लाईनीतली दोनच माणसं मला सापडली. प्रधानबाईंची बिल्डिंग पाडून तिथे टॉवर झालाय, त्या सातव्या मजल्यावर. दार उघडलं, ओळखलं. मी आत गेलो नाही. म्हणालो, "सुतक आहे. काल आमची मंडळी गेली. एक सांगायला आलोय. तुम्हाला पुस्तकं द्यायचो ती सगळी तिने वाचलेली असायची. निवडायची तीच. मी एकही वाचलेलं नाही."

बाई म्हणाल्या, "त्या एकदा आल्या होत्या. ओव्यांचं पुस्तक घेऊन."

"तीच."

"मी त्यांना आत या म्हटलं नाही हो. पाणीसुद्धा विचारलं नाही."

मीही खालीच उभा होतो तेव्हा. नमस्कार करून लिफ्टकडे वळलो.

डॉक्टरीणबाई त्याच जुन्या बिल्डिंगीत, दुसऱ्या मजल्यावर. डॉक्टर नाहीत आता. बाई नव्वदीला आल्यात, काठी धरून दारापर्यंत आल्या. मी जिन्याच्या कठड्याला धरून तेच दोनदोनदा सांगितलं. शेवटी म्हणालो, "समासात लिहायची ती तीच. मी नव्हे."

बाईंनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"म्हणजे इतकी वर्षं माझ्याशी भांडली ती बाई होती?"

"हो."

"अरे देवा! आणि मी तुम्ही समजून जपून लिहीत होते. परका पुरुष, म्हणून हात राखून." त्यांना धाप लागली. "सांगायचं ना, मेल्या, तेव्हाच. घरी बोलावून भांडले असते. चहा करून भांडले असते."

मी खाली मान घातली. या वेळी त्यात विनय वगैरे काही नव्हतं.

"नाव काय तिचं?" बाईंनी विचारलं.

एवढ्या दारांत हे कुणी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. घरातसुद्धा मी तिला "अगं" म्हणायचो.

"चांगुणा," मी हळू म्हणालो.

"काय? मोठ्याने सांगा. मला कमी ऐकू येतं आता."

मी मोठ्याने सांगितलं. त्यांनी कानाला हात लावून मान हलवली, नाही आलं. मग मी कठडा सोडला आणि होता तेवढा जोर काढून जिन्यात तिचं नाव घेतलं. वरच्या मजल्यावरचं दार उघडलं, समोरचंही उघडलं, आणि कोण ओरडतंय ते बघायला माणसं बाहेर आली.